पाणथळ मऊ भूमीचे निचऱ्याने दृढीकरण : करडी परिसराच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि तिच्या आसमंतातील गावे वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेली आहेत. वर्षाकाठी साधारणतः १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सभोवार भाताच्या बांध्या. आणि जागोजागी बोड्या व माजी मालगुजारी तलाव, असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. पाणी अडविणे आणि ते जमिनीवर टिकवून धरणे हीच येथील शेतीची विद्या होय. उलट बांधकामास कोरडी व घट्ट भूमी लागते. सबब अशा ठिकाणी शाळेची इमारत, धान्याचे गोदाम किंवा पुलाचा जोडरस्ता उभारावयाचा झाला, म्हणजे ‘आधी जागेतील पाणी काढून टाका’ ही सूचना सर्वप्रथम पुढे येते.

ही सूचना चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे, आणि काही प्रसंगी अपायकारकही ठरते. स्थापत्यशास्त्रात ‘निचरा’ या एकाच शब्दाने दोन भिन्न क्रिया दर्शविल्या जातात. पहिली म्हणजे पृष्ठभागावरील अथवा वरच्या थरातील मोकळे पाणी वाहून नेणे. दुसरी म्हणजे मातीच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडलेले पाणी भाराच्या जोराने पिळून काढणे. पहिल्या क्रियेचे साधन चर व उतार हे आहे. दुसरीचे साधन भार व काळ हे आहे. कोणत्या भूमीस यांपैकी कोणता उपाय लागू पडतो, याचा निर्णय पाणी किती दिसते यावरून होत नाही. तो मातीच्या थरांची जाडी आणि त्यांचे गुणधर्म यांवरून करावा लागतो. या दोन क्रियांतील भेद स्पष्ट करणे आणि करडीसारख्या परिसरात त्याचा अर्थ काय होतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पाण्याचा साठा आणि भूमीचा मऊपणा

भाताची रोवणी करण्यापूर्वी बांधीत पाणी साठवून चिखलणी केली जाते. या क्रियेत मातीची नैसर्गिक रचना मोडते, सूक्ष्म कण छिद्रांत बसतात, आणि नांगराच्या तळाखाली वर्षानुवर्षांच्या दाबाने एक घट्ट पातळ थर तयार होतो. पाणी खाली झिरपू नये हाच चिखलणीचा उद्देश असल्यामुळे बांधीत दिसणारे पाणी बहुधा वरच्या वर अडकलेले असते. त्याच्या खाली हात-दोन हातांवर माती पुष्कळच कोरडी व टणक आढळणे अशक्य नाही. म्हणजेच गुडघाभर चिखल ही खोलवर मऊ भूमी असल्याची खूण नव्हे.

भंडारा जिल्ह्यातील शेतकरी आपल्या मातीचे कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी असे भेद पूर्वापार करीत आले आहेत. हे वर्गीकरण पिकांच्या दृष्टीने केलेले असले, तरी बांधकाम करणाऱ्यास ते निरुपयोगी नाही. कन्हार ही भारी, काळी व चिकण माती. ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बरडी खडेमिश्रित असून तिच्यातून पाणी सहज निघून जाते. हा प्रदेश मुख्यतः प्राचीन स्फटिकमय खडकांचा असल्याने, नदीकाठचा गाळाचा पट्टा वगळता, मातीच्या खाली मुरूम व झिजलेला खडक बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतो. याउलट नदीचे जुने पात्र, नाल्याचे बुजलेले वळण किंवा तलावाचे बुड येथे गाळाचा थर अधिक जाड असण्याचा संभव असतो. एकाच गावाच्या शिवारात अशा दोन प्रकारच्या जागा शंभर-दोनशे मीटरांच्या अंतराने सापडू शकतात, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

२. भार कोण वाहतो?

दुसऱ्या प्रकारच्या निचऱ्याचे मर्म कार्ल टर्झागी यांनी उलगडले. इस्तंबूल येथे अध्यापन करीत असताना केलेल्या प्रयोगांच्या आधारे त्यांनी १९२३ मध्ये दृढीभवनाचा सिद्धान्त मांडला, आणि १९२५ मध्ये व्हिएन्ना येथून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने आधुनिक मृदा-यामिकीचा पाया घातला. त्यांचे मूळ प्रतिपादन असे की, जलसंपृक्त मातीवर पडणारा एकूण दाब दोन वाटेकऱ्यांत विभागलेला असतो. एक वाटा कणाकणांच्या परस्परस्पर्शातून वाहिला जातो; त्यास प्रभावी दाब म्हणावे. दुसरा वाटा छिद्रांतील पाणी वाहते. तो छिद्रजलदाब होय. मातीचे बळ सर्वस्वी पहिल्या वाट्यावर अवलंबून असते, कारण पाण्यास कातरबळ नाही.

ओल्या कापसाने गच्च भरलेली आणि तोंड बांधलेली चामड्याची मोट कल्पावी. तिच्यावर वजन ठेवताच प्रथम आतील पाणीच ते पेलते. कापूस तसाच राहतो. मोटेस बारीक छिद्र पाडले, की पाणी हळूहळू निघू लागते, मोट चेपते, आणि जसजसे पाणी निघते तसतसे वजन कापसावर येते. चिकणमातीच्या थरावर भराव टाकला असता नेमके हेच घडते. आरंभी सगळा नवा भार छिद्रजल घेते, म्हणून भूमीचे बळ भराव टाकल्याच्या क्षणी मुळीच वाढलेले नसते. पाणी निघून गेल्यावर भार कणांवर येतो, माती चेपते आणि बळकट होते. या सावकाश होणाऱ्या क्रियेस दृढीभवन असे म्हणतात. धुमसाने माती ठोकण्याहून ही क्रिया वेगळी आहे. ठोकण्याने छिद्रांतील हवा निघते, तर दृढीभवनात पाणी निघते.

यावरून ‘नुसते पाणी काढणे’ या उपायाचे मोजमापही करता येते. भूजलाची पातळी १ मीटरने खाली नेली, तर तिच्या खालील मातीवरचा प्रभावी दाब सुमारे १० किलोपास्कलने वाढतो. एक मीटर मातीचा भराव सुमारे १८ किलोपास्कल भार देतो. म्हणजे पाणी १ मीटर उतरविण्याचे फल जेमतेम अर्ध्या मीटर भरावाइतके आहे. शिवाय भराव आपल्या जागेपुरताच असतो. उतरलेली पाणीपातळी मात्र शेजारच्या जमिनीखालीही उतरते. मेक्सिको शहरात भूजलाच्या दीर्घकालीन उपशामुळे विसाव्या शतकात काही भागांतील भूमी ९ मीटरांहून अधिक खचली, हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय.

३. काळाचा प्रश्न

चिकणमातीतून पाणी निघण्यास किती अवधी लागतो, हा व्यवहारातील निर्णायक प्रश्न आहे. टर्झागी यांच्या सिद्धान्तानुसार हा अवधी पाण्याला तोडाव्या लागणाऱ्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट दुप्पट झाली की काळ चौपट होतो.

उदाहरणादाखल ८ मीटर जाडीचा मऊ चिकणमातीचा थर घ्यावा. त्याचा दृढीभवनांक वर्षास १ चौरस मीटर आहे, आणि त्याच्या वर व खाली वाळू असल्याने पाणी दोन्ही बाजूंनी निघू शकते असे मानावे. मग पाण्याची सर्वांत लांब वाट ४ मीटर होते. पन्नास टक्के दृढीभवनास सुमारे ३ वर्षे, तर नव्वद टक्क्यांस १३ वर्षे ७ महिने लागतील. खाली वाळूऐवजी अभेद्य खडक असेल, तर वाट ८ मीटर होऊन हाच अवधी ५४ वर्षांवर जाईल.

खचण्याचे प्रमाणही ध्यानी घ्यावे. या थराचे छिद्रगुणोत्तर २, संपीडनांक ०.८, मध्यावरील मूळ प्रभावी दाब २२ किलोपास्कल, आणि वर टाकलेला भराव २.५ मीटर, म्हणजे ४५ किलोपास्कल, असे धरल्यास अंतिम खचणे सुमारे १ मीटर येते. संपृक्त माती जितकी चेपते तितकेच पाणी तिच्यातून बाहेर पडते. अर्थात दर चौरस मीटरमागे १,००० लिटर, आणि एका हेक्टरामागे १ कोटी लिटर. एवढे पाणी अर्ध्या शतकाच्या कालावधीत पाझरत राहिले, तर वरील इमारत त्या सर्व काळात खचत राहणार हे उघड आहे. आणि थराची जाडी सर्वत्र समान नसल्याने ती एकसारखी खचणार नाही. भिंतींना तडे जातात ते बहुधा या विषमतेमुळे.

४. उभे निचरे

पाण्याची वाट कमी करणे हा या अडचणीवरील उपाय. थराची जाडी बदलता येत नाही. परंतु थरात उभी छिद्रे पाडून ती वाळूने भरल्यास पाण्याला वर किंवा खाली जाण्याचे कारण उरत नाही. ते आडवे वाहून जवळच्या वाळूच्या स्तंभात शिरते आणि तेथून वरच्या वाळूच्या थरात येते. ही कल्पना अमेरिकेतील डॅनियल मोरान यांनी १९२५ च्या सुमारास मांडली व १९२६ मध्ये तिचे एकस्व घेतले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील रस्त्यांच्या कामी १९३० नंतरच्या दशकात तिचे प्रयोग झाले. स्वीडनमधील वॉल्टर शेलमान यांनी वाळूऐवजी पुठ्ठ्याची पन्हळी पट्टी वापरण्याची पद्धती काढली. आज सर्वत्र प्रचारात असलेली, गाळणकापडात गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी हे त्याच पुठ्ठ्याचे सुधारलेले रूप होय. निचऱ्याकडे आडव्या वाहणाऱ्या पाण्याचे गणित रेजिनाल्ड बॅरन यांनी १९४८ मध्ये परिपूर्ण स्वरूपात मांडले.

भारतातही या विषयात स्वतंत्र बुद्धी चालविली गेली आहे. दस्तिदार, गुप्ता व घोष यांनी तागाच्या लांब पिशवीत वाळू भरून ती छिद्रात सोडण्याची ‘वाळूवात’ पद्धती एका गृहनिर्माण योजनेत वापरून तिचा वृत्तान्त १९६९ मध्ये मेक्सिको येथील आंतरराष्ट्रीय मृदा-यामिकी परिषदेत सादर केला. साध्या वाळूच्या स्तंभास मातीच्या हालचालीने मध्येच तुटण्याचे भय असते. पिशवीमुळे ते टळते व वाळूही कमी लागते. पुढे सिंगापूर येथे ताग व काथ्या यांपासून पट्टीनिचरे बनविण्यात आले. दृढीभवनाचे काम एक-दोन वर्षांत संपत असल्याने निचऱ्याचे साहित्य कालांतराने कुजले तरी हानी होत नाही, हा त्यामागील विचार आहे. उभ्या निचऱ्यांच्या आयोजनासाठी भारतीय मानक १५२८४ चा दुसरा भाग २००४ पासून उपलब्ध आहे.

मागील उदाहरण पुढे चालवू जाता, १०० मिलिमीटर रुंद व ४ मिलिमीटर जाड पट्ट्या १.२ मीटर अंतराने त्रिकोणी रचनेत बसविल्या, असे मानावे. पट्टीचा परीघ वर्तुळाकार कल्पिल्यास तिचा समतुल्य व्यास ६६ मिलिमीटर येतो, आणि प्रत्येक पट्टीच्या वाट्यास आलेल्या मातीच्या स्तंभाचा व्यास १.२६ मीटर होतो. आडव्या दिशेचा दृढीभवनांक वर्षास १.५ चौरस मीटर धरल्यास नव्वद टक्के दृढीभवनास सुमारे ८ महिने पुरतात. प्रत्यक्षात पट्टी रोवणारा पोलादी दांडा भोवतालची माती माखून तिची पार्यता घटवितो. माखलेल्या भागाचा व्यास दांड्याच्या दुप्पट आणि तेथील पार्यता एकतृतीयांश मानल्यास अवधी सुमारे १३ महिन्यांवर जातो. तरीही १३ वर्षांच्या जागी १३ महिने हा लाभ लहान नव्हे. मात्र या उदाहरणावरून असेही दिसते की, माखण्याचा परिणाम दुर्लक्षून केलेला अंदाज पुष्कळच आशावादी ठरतो.

५. भाराविना निचरा व्यर्थ

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. उभे निचरे स्वतः पाणी ओढून घेत नाहीत. ते केवळ वाट देतात. पाण्याला त्या वाटेने ढकलण्याचे काम भाराचे आहे. निचरे बसवून वर भार ठेवला नाही, तर छिद्रजलदाब वाढत नाही, आणि पाणी जागचे हालत नाही. म्हणून इमारतीपूर्वीच त्या जागेवर तात्पुरता मातीचा भार ठेवतात व दृढीभवन झाल्यावर तो उचलतात. हा पूर्वभार भावी इमारतीच्या भाराहून थोडा अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. कारण छिद्रजलदाब नाहीसा झाल्यावरही चिकणमाती मंद गतीने चेपत राहते, आणि अधिक भाराने त्या उत्तरकालीन खचण्यास आळा बसतो. माती उपलब्ध नसल्यास शेलमान यांनीच १९५२ मध्ये सुचविलेली निर्वात पद्धती आहे. जागेवर हवाबंद पडदा अंथरून खालची हवा व पाणी पंपाने ओढले, म्हणजे वातावरणाचाच दाब भाराचे काम करतो. व्यवहारात त्यापासून सुमारे ८० किलोपास्कल, म्हणजे साधारण साडेचार मीटर भरावाइतका भार मिळविता येतो.

पूर्वभार एकदम टाकता येतो काय, हा पुढचा प्रश्न. वरील थराचे कातरबळ १० किलोपास्कल असेल, तर त्यावर भराव कोसळण्याची मर्यादा सुमारे २.९ मीटर उंचीवर येते. सुरक्षेचा गुणक १.५ ठेवल्यास केवळ १.९ मीटर. अर्थात २.५ मीटर उंचीचा भराव एका दमात टाकणे धोक्याचे आहे. म्हणून प्रथम १.५ मीटर भराव टाकून ऐंशी टक्के दृढीभवन होऊ द्यावे लागते. वरील हिशेबाने त्यास सुमारे ९ महिने लागतील. या अवधीत प्रभावी दाब सुमारे २२ किलोपास्कलने वाढतो, आणि कातरबळ त्याच्या साधारण २२ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ५ किलोपास्कलने वाढून १५ वर जाते. आता सुरक्षित उंची सुमारे २.८ मीटर होते व उरलेला भराव टाकता येतो. भूमीला भार द्यावा, तिला बळ येऊ द्यावे आणि मगच पुढचा भार द्यावा, असा हा क्रम आहे. तो मोडल्यास भराव कडेने घसरतो व शेजारची जमीन फुगून वर येते.

या सर्व काळात खचण्याच्या मोजपट्ट्या आणि छिद्रजलदाबमापके यांचे नियमित वाचन हाच खरा मार्गदर्शक असतो. ठराविक कालांतराने घेतलेल्या खचण्याच्या नोंदींवरून अंतिम खचणे वर्तविण्याची सोपी आलेखरीती जपानचे आसाओका यांनी १९७८ मध्ये दिली. तिचा उपयोग आजही होतो.

६. किनाऱ्यावरील अनुभव

महाराष्ट्रात या पद्धतीचे खरे क्षेत्र कोकणची किनारपट्टी हे आहे. मुंबई, ठाणे खाडी आणि पनवेल-उरण भागांत सागरी चिकणमातीचे जाड थर आहेत. त्यांतील पाण्याचे वजन कित्येकदा घन कणांच्या वजनाच्या तीनचतुर्थांशाहून अधिक असते. रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. कंटेनरांच्या राशी ठेवण्यासाठी विस्तीर्ण मैदाने लागतात. अशी मैदाने सर्वत्र खोल खांबांवर उभारणे परवडत नाही. म्हणून या बंदराच्या परिसरातील मैदाने व मार्ग यांच्या उभारणीत पट्टीनिचरे आणि पूर्वभार यांचा अवलंब झाला. विस्तीर्ण क्षेत्र, जाड व संपृक्त थर, आणि समान पसरलेला भार या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथेच हा उपाय किफायतशीर ठरतो.

या पद्धतीची मर्यादा जपानमधील कान्साई विमानतळाने दाखवून दिली. समुद्रात बेट रचून ४ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालेल्या या विमानतळाखालील वरचा, सुमारे २० मीटर जाडीचा चिकण थर वाळूच्या निचऱ्यांनी थोड्याच अवधीत दृढ करण्यात आला. परंतु त्याखालील शेकडो मीटर खोलीच्या प्राचीन थरांपर्यंत निचरे पोहोचणे शक्य नव्हते. बांधणीच्या आरंभापासून पहिले बेट सरासरी १३ मीटरांहून अधिक खचले आहे, व खोल थरांचे दबणे मंद गतीने चालूच आहे. निचरा जेथवर जातो तेथवरच त्याचे फल मिळते.

७. करडी परिसरात काय करावे?

किनाऱ्यावरील हा उपाय जसाच्या तसा करडीकडे आणणे शास्त्राला धरून होणार नाही. येथे जागेच्या प्रकृतीप्रमाणे तीन प्रकार वेगळे करावे लागतील.

पहिला प्रकार म्हणजे बांधीतील उथळ चिखल, ज्याच्या खाली दीड-दोन मीटरांवर मुरूम लागतो. येथे उभ्या निचऱ्यांचे प्रयोजन नाही. मऊ थर उपसून त्या जागी मुरूम थराथराने धुमसून भरणे हेच स्वस्त व निश्चित होय. रस्त्याचा भराव असल्यास त्याच्या तळाशी वाळूचा थर घालून केशाकर्षणाने वर चढणारी ओल तोडावी, आणि रस्त्याच्या पायाथराचा तळ उच्चतम पाणीपातळीच्या ०.६ ते १ मीटर वर राहील असे पाहावे. पाणथळ भागातील रस्त्यांसाठी भारतीय रस्ते महासभेची ३४ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे; तिचा आधार घ्यावा. येथे प्रश्न पहिल्या प्रकारच्या निचऱ्याचा, म्हणजे चर व उतार यांचा आहे.

दुसरा प्रकार बुजलेल्या नाल्याच्या किंवा तलावाच्या बुडातील जाड गाळाचा. पुलाचा जोडरस्ता अशा जागेवरून जात असेल, तर पूल खडकावर टेकलेला असल्याने खचत नाही आणि भराव मात्र खचत जातो. परिणामी दोहोंच्या सांध्यावर पायरी पडते. येथे पूर्वभार व उभे निचरे यांचा विचार अवश्य करावा. भराव आधी टाकून त्यास एक-दोन पावसाळे मिळू दिले आणि रस्त्याचा पृष्ठभाग नंतर केला, तर कित्येकदा निचऱ्यांचा खर्चही वाचतो. कामाचा क्रम बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून तोच सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो.

तिसरा प्रकार कन्हारीसारख्या फुगणाऱ्या मातीचा. येथे पाणी काढण्याचा अट्टहास उलटा परिणाम घडवितो. ही माती कोरडी झाली की आकसते, ओली झाली की फुगते. इमारतीस अपाय होतो तो या चढउतारामुळे. म्हणून मातीतील ओल शक्य तितकी स्थिर राखणे हे येथे ध्येय असावे. इमारतीभोवती रुंद फरसबंदी करणे, पागोळीचे पाणी पायापासून दूर नेणे, आणि पाया ओलीच्या ऋतुमानीय बदलाच्या खाली नेणे हे त्याचे मार्ग. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले खांब याच हेतूने वापरतात. सामान्यतः त्यांची खोली सुमारे ३.५ मीटर ठेवतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कट्टी यांनी १९७० नंतरच्या दशकात न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे १ मीटर जाड थर वर घालून खालच्या मातीचे फुगणे रोखण्याची पद्धती दाखवून दिली. कालव्यांच्या कामी तिचा विशेष उपयोग झाला.

तिन्ही प्रकार ओळखण्यास जागेची तपासणी हाच एक मार्ग आहे, आणि ती दोन ऋतूंत होणे आवश्यक आहे. मे महिन्यात घेतलेल्या खड्ड्यात कन्हार दगडासारखी लागते. ऑगस्टमध्ये तीच माती पाय धरीत नाही. हातगिरमिटाने घेतलेली काही भोके, मऊ थरात पात्यांच्या साहाय्याने केलेली कातरचाचणी, आणि किमान एक वर्षभर पाणीपातळी मोजण्यासाठी ठेवलेली निरीक्षण-नळी, एवढ्या अल्प साधनांनीही वरील निर्णय करता येतो.

चर काढण्याच्या बाबतीतही दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली निर्गमाची. चराचे पाणी ज्या नाल्यात सोडावयाचे तो नाला श्रावण-भाद्रपदात काठोकाठ भरलेला असेल, तर पाणी उलटे जागेत शिरेल. म्हणून निर्गमाची पातळी पावसाळ्यातील पाण्यावरून ठरविली पाहिजे, उन्हाळ्यातील कोरड्या पात्रावरून नव्हे. दुसरी शेजाऱ्याची. इमारतीसाठी काढलेला खोल चर लगतच्या बांध्यांचे आणि बोडीचे पाणीही ओढून घेतो. उलटपक्षी पुरेशा मोऱ्या न ठेवता बांध्यांतून आडवा नेलेला रस्त्याचा भराव हा बांधच बनतो. वरच्या अंगाचे पीक बुडते व खालच्या अंगाचे तहानलेले राहते. इमारतीचा पाया सुकवताना भाताचे शेत सुकत असेल, तर तो निचरा यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही.

८. निष्कर्ष

मऊ व पाणथळ भूमीच्या सुधारणेत निचऱ्याचे स्थान मोठे आहे. परंतु त्याचा अर्थ भूमीप्रमाणे बदलतो. जाड, संपृक्त चिकण थरांत भाराने पाणी पिळून काढावयाचे असते, आणि तेथे उभे निचरे वर्षांचे काम महिन्यांत आणतात. उथळ चिखलाच्या जागी माती बदलणे व पृष्ठजल वळविणे पुरते. फुगणाऱ्या मातीत ओल घटविण्यापेक्षा ती स्थिर राखणे श्रेयस्कर ठरते. करडीसारख्या भातखाचरांच्या परिसरात हे तिन्ही प्रकार एकाच शिवारात आढळण्याचा संभव असल्याने, उपाय निवडण्यापूर्वी निदान करणे अपरिहार्य आहे. भंडारा जिल्ह्यातील बांध्या, बोड्या व तलावांची बुडे यांखालील थरांची दोन्ही ऋतूंतील पद्धतशीर नोंद हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचा एक फलदायी विषय होऊ शकेल. गावातील शाळा वा पूल नेमका कोठे व कसा बांधावा, या प्रश्नाचे उत्तर अशा नोंदींतूनच मिळावयाचे आहे.